पुढचे दोन सिमेंटचे, मागचे दोन मुरुमाचे

हुलिया. नाव : एकनाथराव वल्द अंबाजीराव. साकिन : काचीगुडा, स्टेशनच्या अलीकडची गल्ली. उम्र : पन्नाशीच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. पेशा : सरकारी नोकरी, सडकांच्या महकम्यात मुंतजिम, म्हणजे देखरेखीचा अंमलदार. कद मध्यम, रंग गहुवर्णी. खूण : उजव्या हाताची तर्जनी सतत कशावर तरी वाजत असते. सवारी : मोटार एक, लाल, उघडी, दोन आसनी, ताशी सत्तर मैल धावण्याची ताकद असलेली. शेरा : सदर इसम बेचैन दिसतो. त्याची मुलगी सरहद्दीपलीकडे, सोलापुरात दिलेली आहे. वेगवान सवारी बाळगून असल्याने सदर इसम कोणत्याही क्षणी रियासतीची हद्द ओलांडण्याचा संभव आहे. नजर ठेवावी.

पोलिसांच्या दफ्तरात असा हुलिया कुणी लिहिला होता याला पुरावा नाही. पण १३५७ फसलीचा, म्हणजे १९४८चा तो उन्हाळा असा होता, की अर्धे हैदराबाद उरलेल्या अर्ध्यावर नजर ठेवून होते आणि दोन्ही अर्ध्यांना सरकार पगार देत होते. तेव्हा लिहिला नव्हता यालाही पुरावा नाही.

मोटारीबद्दल मात्र शंका नको. एकनाथरावांचे नाव आजोबांनी ठेवले, शाळा चुलत्यांनी निवडली, नोकरी मामांनी लावली आणि बायको दोन्हीकडच्या थोरांनी चहा पिता पिता ठरवली. मोटार तेवढी त्यांनी स्वतः पसंत केली. एका नवाबाच्या धाकट्या चिरंजीवांना मोठी गाडी हवी झाली, तेव्हा त्यांची ही लाल चिमुकली विकायला निघाली. एकनाथरावांनी ती पाहिली, घरी आले, जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात बसून परत आले. त्यानंतर गेली सात वर्षे ते तिच्यातून रोज कचेरीत जात. ताशी सत्तर मैलांची ती गाडी बडी चावडीतून टांग्याच्या मागे टांग्याच्याच चालीने जाई. घोड्याला सुद्धा संकोच वाटत असावा.

या सात वर्षांत त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई मोटारीत कधी बसल्या नव्हत्या. मनाई अशी कुणी केलेली नव्हती. त्यांच्यासाठी टांगा होता, आणि मोटारीच्या दुसऱ्या आसनावर एकनाथरावांचा डबा, छत्री आणि कागदांचा बस्ता बसत असे. ती जागा भरलेलीच होती.

चैत्रात सोलापूरहून विहिणबाईंचे पत्र आले. प्रमिलेला दिवस गेले होते, श्रावण सरता सरता मोकळी होईल असा अंदाज होता. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे हे सगळ्यांना मान्य होते, पण वाटेची खात्री कोण देणार? रोज काहीतरी कानावर येत होते. हद्दीवर गाडी थांबवतात, झडती घेतात, अमुक गाव जाळले, तमुक पूल तोडला. डॉक्टरने मुलीला हलवू नका म्हणून सांगितले होते. तेव्हा विहिणबाईंनी लिहिले होते, रीत बाजूला ठेवा, तुम्हीच या.

पद्मावतीबाईंनी पत्र दोनदा वाचून घेतले आणि म्हणाल्या, “जायचं.”

“जायचंच,” एकनाथराव म्हणाले. “पण रेल्वेने नको. रेल्वेचं आजकाल काही खरं नाही. आपली मोटार आहे की. फक्त टायर बदलून घेतो.”

टायर बदलायला झाले होते हे खोटे नव्हते. चारही टायरांची नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती आणि मागच्या उजव्याचे आतले धागे बाहेर डोकावू लागले होते. पण भारतीय संघराज्याने रियासतीकडे येणारा माल अडवल्यापासून रबराची एक चकती बाहेरून येत नव्हती. आबिदच्या बाजारपेठेत मीर यासीन अलींच्या दुकानात जे शिल्लक होते तेवढेच. आणि त्या छोट्या मापाचे तर दोनच संच उरले होते.

यासीन अली हे गोरे, ढेरपोटे, कानात अत्तराचा बोळा असलेले गृहस्थ. त्यांनी दोन्ही संच भिंतीला टेकवून ठेवले होते.

“ये देखो साब, ये सिमेंट का टायर,” ते म्हणाले. “मक्खन. आवाज नक्को, झटका नक्को. शहर की सडक पे छोड दो, पानी के माफिक जाता. और ये मुरूम का. भैंस है भैंस! काँटा, पत्थर, नाला, कुछ भी रहने दो, चबाको निकल जाती.”

“दोनों में अच्छा कौन सा?”

“दोनों अच्छे. बात इत्तीच है साब, के जाना किधर है.”

एकनाथरावांनी चमकून मागे पाहिले. समोरच्या इराण्याच्या हॉटेलात बसलेल्या दोघातिघांच्या बशा ओठांपाशी थांबल्या होत्या.

गोम इथेच होती. हैदराबाद शहरातल्या सडका सिमेंटच्या, आरशासारख्या. एकनाथरावांच्याच महकम्याचा तो अभिमान. शहराची वेस संपली, की खडी आणि मुरूम. म्हणजे ज्याला इथेच राहायचे त्याने सिमेंटचे टायर घ्यावेत, आणि मुरुमाचे टायर जो घेतो तो कुठे निघाला हे वेगळे विचारावे लागत नाही. बरकतपुऱ्यातल्या एका डॉक्टरांनी चार मुरुमाचे बसवले, आणि पुढच्या आठवड्यात त्यांच्या दाराला कुलूप होते. तेव्हापासून आबिदवरच्या रिकामटेकड्यांनी वर्तमानपत्र वाचायचे सोडले. ते यासीनच्या दुकानाकडे तोंड करून बसत.

एकनाथराव त्या दिवशी “सोचता हूँ” म्हणून परतले. नंतर जवळजवळ रोज संध्याकाळी ते जाऊ लागले. सिमेंटच्या टायरावर हात फिरवीत, मुरुमाच्या टायरात बोट घालून नक्षीची खोली पाहत, आळीपाळीने दोन्ही हुंगत. आबिदच्या टोकापर्यंत चालत जात, तिथून परत येत, पुन्हा बोट घालीत.

“आइए मुंतजिम साब,” यासीन अली म्हणू लागले. “आज भी सूँघने आए के लेने आए? इत्ता तो हम निकाह के वास्ते नै देखे.”

घरी पद्मावतीबाई रोज एकच प्रश्न विचारीत. “झाले का?”

“बघतोय. घाईनं घेऊन चालत नाही. मुरुमाचे घेतले तर शहरात गाडी घुमते. सिमेंटचे घेतले तर जहीराबादच्या पुढे पंक्चर. उंचीतही फरक आहे.”

“लेकीच्याही उंचीत फरक पडत चाललाय,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “म्हणजे घेरात.”

एकनाथराव उठून व्हरांड्यात गेले, तिथून अंगणात गेले, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि पुन्हा व्हरांड्यात आले. तर्जनी खांबावर वाजू लागली. शेजारचे अप्पाराव रोज आपल्या ओट्यावर बसून ही फेरी पाहत. ते निवृत्त शिक्षक होते आणि त्यांना बोलायला कारण लागत नसे.

“एकनाथराव, किती चालता हो! एव्हाना सोलापूरला पायी पोचला असता.”

मृगात कचेरीतही विषय निघाला. महकम्याचे वरिष्ठ, मोहतमीम साहेब, यांनी त्यांना बोलावले, बसायला सांगितले नाही.

“मुंतजिम साहब, सुना है आप टायर देख रहे हैं.”

“जी हुजूर.”

“शहर की सडकें तो हम ने आईना बना दीं. फिर ये इतना गौर किस सडक के लिए हो रहा है?”

“अभी सोच ही रहा हूँ, हुजूर.”

“सोचिए, सोचिए,” साहेब म्हणाले आणि कागदाकडे वळले. “बस इतना बता दीजिएगा, सोच कर कहाँ पहुँचे.”

त्या रात्री एकनाथरावांना झोप लागली नाही, पण ती आधीही फारशी लागत नव्हती. आता पेच असा, की सिमेंटचे घेतले तर पद्मावतीला काय सांगायचे, आणि मुरुमाचे घेतले तर साहेबांना. नोकरी अठ्ठावीस वर्षांची, लेक एकुलती. माणसाला असा पेच पडला की तो एक बाजू धरतो. एकनाथराव ज्या घराण्यातले होते ते तीन पिढ्या रियासतीच्या नोकरीत होते, आणि तीन पिढ्या टिकलेले घराणे बाजू धरून टिकलेले नसते.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी ते यासीन अलींच्या दुकानात गेले आणि म्हणाले, “दो ये दे दो, दो वो.”

यासीन अलींनी कानातला बोळा काढला. “क्या?”

“आगे सिमेंट के, पीछे मुरूम के.”

यामागे विचार होता. कचेरीच्या फाटकातून मोटार आत येताना साहेबांच्या खिडकीतून पुढची चाके दिसत. मागची चाके फक्त ती जाताना दिसत, आणि गेलेल्या माणसाला कोण काय विचारणार?

“साब, ऐसा नै करते,” यासीन अली कळवळून म्हणाले. “चारों पैये एक घर के होना. ये तो ऊपर शेरवानी नीचे धोती हो गया!”

एकनाथरावांनी खाली स्वतःकडे पाहिले. त्यांनी वर शेरवानी घातली होती आणि खाली धोतर नेसले होते. सडकांच्या महकम्यातले निम्मे मराठी लोक तसेच येत. यासीन अलींच्याही ते लक्षात आले आणि त्यांनी घाईने नोकराला जॅक आणायला सांगितले.

“माफ करना साब. मगर मेरे दोनों सेट तोड दिए आप. बचे सो दो-दो किसकू बेचूँ? आपके सिवा ऐसा गिऱ्हाईक कौन है?”

समोरच्या हॉटेलात त्या दिवशी मोठा वाद झाला. काही म्हणाले मुंतजिम जाणार, काही म्हणाले राहणार. शेवटी एका मुरब्बी माणसाने निकाल दिला, की निम्मे जाणार.

टायर बसले. मागच्या मुरुमाच्या टायरात आणि वरच्या मडगार्डात दोन बोटे जागा राहिली. एकनाथरावांनी स्वतः बोटे घालून पाहिली. मग काचीगुड्याहून बरकतपुऱ्यापर्यंत जाऊन आले, एकटे, शेजारच्या आसनावर छत्री. गाडी सुरेख चालली. साहेबांकडे त्यांनी बिदरला नरसिंहाच्या दर्शनाला जाण्याची रजा मागितली. बिदर रियासतीत होते. साहेबांनी खिडकीतून पुढची चाके पाहिली आणि सही केली.

निघायच्या सकाळी पद्मावतीबाई सामान घेऊन आल्या तेव्हा एकनाथरावांना थोडे नवल वाटले. बाळंतविडा, डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशेप, जुन्या लुगड्यांच्या दुपट्यांचे बोचके, हे त्यांनी धरले होते. दोन तुडुंब भरलेल्या पितळी घागरी धरल्या नव्हत्या.

“हे काय?”

“पाणी.”

“सोलापुरात पाणी आहे.”

“ते लेकीच्या घरचं,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरचे पाणी सुद्धा प्यायचे नाही, हा त्यांच्याकडचा दंडक होता. त्यांच्या आईने पाळला होता, आजीने पाळला होता. मूल झाले की बंधन सुटते. त्यांनी हिशेब केला होता. काटकसर केली तर दोन घागरी प्रमिला मोकळी होईपर्यंत पुरतील. तांदूळही त्यांनी आपले घेतले होते. रीत बाजूला ठेवा असे विहिणबाईंनी लिहिले होते, पण किती रीत, ते लिहिले नव्हते.

घागरी मागच्या फळीवर दोरीने बांधल्या. पद्मावतीबाई सात वर्षांत पहिल्यांदा मोटारीत बसल्या, पदर कानामागे खोचला, आणि मांडीवर दुपट्यांचे बोचके घेतले. अप्पाराव ओट्यावरून उठून उभे राहिले.

“बिदरला ना?” त्यांनी विचारले.

“बिदरलाच,” एकनाथराव म्हणाले.

“नरसिंहाला माझा नमस्कार सांगा. आणि प्रमिलेला आशीर्वाद.”

आबिद गेले, खैरताबाद गेले. सकाळची वेळ, सिमेंटची सडक, पुढची चाके लोण्यासारखी जात होती. एकनाथराव मनातल्या मनात गावांची नावे घोकत होते. पटणचेरू, जहीराबाद, हुमनाबाद, नळदुर्ग. मागून बारीक ‘खर्र’ असा आवाज येऊ लागला. पंजागुट्ट्याच्या चढाला वास आला.

“हा कसला वास?” पद्मावतीबाईंनी विचारले.

“नव्या टायरला येतो.”

“दुकानात पण असाच येत होता?”

एवढे दिवस ते टायर हुंगत आले होते, त्यामुळे खोटे बोलायची सोय नव्हती. त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि खाली उतरून पाहिले. दोन बोटांच्या जागेत आता नख जात नव्हते. मडगार्डाची कड मुरुमाच्या टायराची नक्षी सोलून काढत होती. गाडीच्या स्प्रिंगांना छत्रीपेक्षा जड माणसाची सवयच नव्हती.

“भार झालाय,” ते म्हणाले. “पाणी जड असतं.”

पद्मावतीबाई उतरल्या. सडकेच्या कडेला एक लिंब होता. त्यांनी एक घागर सोडवून त्याच्या बुंध्याशी ओतली. पुन्हा बसून थोडे पुढे गेले. खर्र. दुसरी घागर एका बाभळीला मिळाली. पुन्हा बसले. प्रत्येक खाचखळग्याला खर्र होतेच.

पद्मावतीबाई पुन्हा उतरल्या. एकनाथरावांनी वाकून पाहिले. दोन बोटे जागा होती.

“म्हणजे मीच,” पद्मावतीबाई म्हणाल्या.

“तसं नव्हे. हे बघ, आपण असं करू. परत जाऊ. यासीनकडे सिमेंटचे दोन अजून आहेत. ते मागे टाकू. म्हणजे उंची कमी होईल. पण मग वेशीपुढे मुरुमाची सडक... किंवा असं करू, स्प्रिंगा...”

“तुमचं ‘असं करू’ मी चैत्रापासून ऐकतेय,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “पोर काही असं करू म्हणून थांबायची नाही.”

त्यांनी हात करून एक टांगा थांबवला.

“बेगमपेठ ठेसन.”

टांगेवाल्याने लाल मोटारीकडे पाहिले. “बीबीजी, मोटार है ना साब की?”

“है,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “मैं उसमें मावत नै.”

टांगा निघाला. मागून मोटार निघाली. आता ती हलकी होती आणि तिला टांग्याच्या मागे राहणे जमेना. ती पुढे जाई, एकनाथराव वळणावर थांबून मान वळवून बघत, टांगा शांतपणे शेजारून पुढे निघून जाई, पद्मावतीबाई समोर बघत बसलेल्या असत. मग पुन्हा मोटार पुढे. असे ते स्टेशनपर्यंत गेले.

गाडी केव्हा येईल ते स्टेशनमास्तरांना माहीत नव्हते. येईल एवढे नक्की, असे ते म्हणाले. रेल्वेचे खरे नाही म्हणून ज्यांनी चैत्रापासून मोटार धरली होती, ते एकनाथराव फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालू लागले. पद्मावतीबाई बाकावर बसून होत्या. त्यांनी प्यायला पाणी मागितले नाही. नळ समोरच होता.

“तहान लागली असेल,” एकनाथराव म्हणाले.

“लागू दे. तिकडे जाऊनच बघते काय ते.”

उन्हे चढल्यावर गाडी आली. बायकांच्या डब्यात जागा करून घेत पद्मावतीबाईंनी बोचके आणि बाकीचे सामान आत टाकले, पायरीवर उभ्या राहिल्या आणि मागे वळून म्हणाल्या, “चला.”

एकनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिले, मग लोखंडी कठड्यापलीकडे पाहिले. लाल मोटार उन्हात उभी होती. दोन हमाल तिच्याभोवती फिरत होते, एक जण पुढचे टायर अंगठ्याने दाबून बघत होता, दुसरा मागचे. त्या दिवसांत शहरात टायर सोन्यासारखा चोरीला जात होता.

“मोटार...” एकनाथराव म्हणाले.

पद्मावतीबाईंनी मान हलवली. जे ऐकायला मिळणार ते आधीच ठाऊक असल्यासारखी.

“सांभाळा,” त्या म्हणाल्या. “आणि तुळशीला पाणी घाला. मला नाही नेता आलं, तिला तरी मिळू दे.”

शिट्टी झाली. एकनाथराव गाडीबरोबर थोडे धावले. दोन्ही रिकाम्या घागरी शेजारच्या आसनावर ठेवून ते घरी आले तेव्हा अप्पारावांनी काही विचारले नाही. हे त्यांच्या आयुष्यातले एकमेव उदाहरण मानले जाते.

पुढे कित्येक दिवस टपाल आले नाही. एकनाथराव कचेरीत जात, येत, तुळशीला गरजेपेक्षा जास्त पाणी घालीत. गणपती बसले. गौरी आल्या, गेल्या. मग त्याच भाद्रपदात संघराज्याची फौज आत शिरली, आणि तिची मुख्य तुकडी सोलापूरच्याच सडकेने आली. नळदुर्ग, हुमनाबाद, जहीराबाद : एकनाथरावांनी घोकलेली सगळी गावे, उलट्या क्रमाने, आठवडाही न लावता. अनंत चतुर्दशीला संध्याकाळी रेडिओवर सगळे संपल्याचे कळले. लॉऱ्या शहरात आल्या तेव्हा एकनाथराव गर्दीत उभे राहून खाली बघत होते. सगळे टायर एकाच जातीचे होते.

सोलापूरचे कार्ड त्यानंतर आले. त्यावरची तारीख श्रावणातली होती. पद्मावतीबाईंनी ते विहिणबाईंच्या धाकट्या जावेकडून लिहवून घेतले होते. ‘प्रमिलेस मुलगी झाली. दोघी खुशाल. मी वेळेवर पोचले. वाटेत गाडी फार उभी राहिली. आल्या आल्या दारातच पाणी मागून घेतले आणि प्याले. मुलगी त्यानंतर दोन दिवसांनी झाली. विहिणबाईंनी दुसरा तांब्या आणून दिला. पाणी गोड आहे.’

एकनाथरावांनी कार्ड वाचले, मागची बाजू पाहिली, पुन्हा वाचले. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अप्पारावांना त्यांची फेरी दिसली नाही. ते घागरी घासत बसले होते.

महिन्याभराने यासीन अलींनी दुकानाची एक फळी उघडली. मधल्या दिवसांत त्यांच्यावर काय गुदरले ते त्यांनी सांगितले नाही आणि एकनाथरावांनी विचारले नाही. दोघांनी चहा घेतला. समोरच्या हॉटेलातले लोक आता दुसरीकडे तोंड करून बसत होते. कुणी कुठले टायर घ्यावेत याची आता कुणालाच पर्वा नव्हती.

“साब, वो दो-दो पडे हैं अब तक,” यासीन अली म्हणाले. “ले जाओ. मेरा बोझ जाता, आपकी गाडी एक घर की होती. अब तो सडक भी खुल गई. जाको नवासी देख लो.”

एकनाथरावांनी भिंतीला टेकलेल्या टायरांकडे पाहिले. तर्जनी बशीवर वाजू लागली.

“सोचता हूँ,” ते म्हणाले.

दिवाळीआधी पद्मावतीबाई लेक-नातीला घेऊन रेल्वेने परत आल्या, आणि टांग्याने घरी. नव्या अमलात हुलियांची सगळी दफ्तरे नव्या हातांत गेली. तिथे कुणी एकनाथरावांचा कागद उघडला असेल, तर वेगवान सवारी, बेचैनी आणि हद्द ओलांडण्याचा संभव, हा शेरा त्याने कायम ठेवला असेल किंवा खोडला असेल.

मोटार बेगमपेठ स्टेशनच्या पुढे कधी गेली नाही.